हप्ता आणि बहार

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत पैसा येतो तो आंबिया किंवा मृग बहार तुटल्यावर. मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी द्यावाच लागतो. कर्ज बिनतारणी खरं, पण शेजारणीची जामिनकी हेच तिथलं तारण. एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बायांचं बोलणं तुटतं. शेतकरी आत्महत्या पाहिलेल्या वऱ्हाडाला हा ताण परवडणारा नाही. युद्धातून उठलेल्या बोस्नियातही छोटी कर्जं घरं सावरायला आली. पण २००८च्या मंदीनंतर तिथली अनेक कुटुंबं कर्जावर कर्ज काढून अडकली. आपल्याकडे सगळे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम आहे. वर्षाची सरासरी काढली तर तो पाळलाही जातो. पण ज्येष्ठात मजुराच्या हाताला काम कुठे असतं? हप्ते बहाराशी जुळवा, ही आमची मागणी आहे.