मनातील हेतू कसा ओळखावा?

खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांची धाकटी कन्या पुण्यास परिचारिका आहे. मोबाईलवरील एका डेटिंग ॲपमधून तिची एका तरुणाशी ओळख झाली. आठ महिने रोज रात्री बोलणे होते. परंतु घरच्या माणसांची गोष्ट काढली की तो विषय बदलतो. हे सारे थोरल्या मुलीकडून आईच्या कानी आले. “धाकटी आम्हांला काहीच सांगत नाही. त्या मुलाच्या मनात काय आहे, हे ओळखावे तरी कसे?” असे त्या विचारतात.

हा प्रश्न एकाच घरचा नाही. म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहोत.

प्रथम हे साधन काय आहे ते पाहू. टिंडर नावाचे ॲप अमेरिकेत २०१२ साली निघाले. पुढे तशी अनेक झाली. छायाचित्र पसंत पडल्यास बोट उजवीकडे सरकवावयाचे, न पडल्यास डावीकडे. दोघांचीही पसंती जुळली की संभाषण सुरू होते. आपल्याकडे मध्यस्थ स्थळ घेऊन येई, तेव्हा त्याने तोंड उघडण्यापूर्वीच येण्याचे कारण सर्वांस ठाऊक असे. येथे तसे नाही. विवाहेच्छू तरुण, केवळ मैत्री शोधणारा, चार दिवसांची करमणूक इच्छिणारा आणि परक्या शहरात एकटेपणाने कंटाळलेला, असे सारे एकाच पडद्यावर येतात. २०२२ च्या अखेरीस टिंडरने आपला उद्देश नमूद करण्याची सोय केली. त्यात दीर्घकाळच्या जोडीदारापासून नव्या मैत्रीपर्यंत पर्याय आहेत. ‘अजून ठरलेले नाही’ अशा अर्थाचाही एक आहे. सोय चांगली, परंतु लिहिणारा ज्याचा तोच! छायाचित्र पडताळल्याची खूण असली, तरी तिचा अर्थ एवढाच की चेहरा त्याचाच आहे. तो अविवाहित आहे किंवा नाही, हे त्या खुणेवरून कळत नाही.

न्यायालयांनाही हेतूची पारख करावी लागते. प्रथमपासूनच पाळावयाचे नाही अशा बुद्धीने दिलेले विवाहाचे वचन निराळे आणि प्रामाणिकपणे दिलेले, परंतु पुढे पाळता न आलेले वचन निराळे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६९ व्या कलमान्वये, पाळण्याचा हेतू नसताना असे वचन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणाऱ्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परंतु कायदा येतो तो घाव बसल्यानंतर. न्यायाधीशही अखेर वागणुकीवरूनच हेतू ताडतो. आपणही तोच मार्ग धरावा.

मग वागणुकीत काय पाहावे? दिवसा, चारचौघांत भेटण्यास तो तयार आहे काय? एकदा सांगितलेली हकिकत दुसऱ्या वेळी तशीच सांगतो काय? आपली भावंडे, आपले मित्र यांच्याशी ओळख करून देतो काय? ‘नाही’ म्हटल्यावर ते मानतो, की रुसून दबाव आणतो? आणि न भेटलेल्या माणसाने पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नये. दिले गेले असतील, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी.

१२१५ साली लॅटरन येथील चौथ्या विश्वपरिषदेने, नियोजित विवाह देवळात आगाऊ जाहीर करावेत, असा नियम घातला. काही अडचण असल्यास ती वेळीच उघडकीस यावी, हा त्याचा उद्देश. त्यातले शहाणपण आजही उपयोगी आहे. घरचा विरोध, भिन्न धर्म, अशी लपविण्याची प्रामाणिक कारणेही असू शकतात, हे आम्ही जाणतो. परंतु प्रामाणिक मनुष्य निदान ते कारण तरी सांगतो. आठ महिने कारणही सांगावयाचे नाही आणि बोलणेही सोडावयाचे नाही, यास काय म्हणावे?

तथापि, त्या तरुणास आम्ही लबाड ठरवीत नाही. कित्येकांना आपलेच मन कळलेले नसते. म्हणून कन्येने आधी स्वतःस विचारावे, ‘मला काय हवे आहे?’ मग ते त्यास सरळ सांगावे आणि उत्तरासाठी महिन्याची मुदत द्यावी. मुदतीत काहीच घडले नाही, तर ते न घडणे हेच उत्तर समजावे.

आता शेवटी आईसाठी. मुलगी आपणांस सांगत नाही, ती बहुधा रागावण्याच्या भीतीने. तिने चोरी केलेली नाही. तिने जोडीदार शोधला आहे. येत्या रविवारी पुण्यास जावे, तिच्या आवडीचे काही करून न्यावे, आणि त्या मुलाविषयी पहिला प्रश्न आपण विचारू नये. ती बोलेपर्यंत शेजारी बसावे.