मानाचे भोजन आणि औषधाची वेळ

आपण प्राध्यापक दांपत्य आहात आणि पवईच्या आयआयटीत भोजनाचे सन्मान्य पाहुणे आहात, असे समजा. बोरिवलीहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पोहोचेपर्यंतच सकाळची न्याहारी जिरलेली असते. त्यात भाषणे लांबतात. दोघांपैकी एकास मधुमेह असेल, तर हा विलंब केवळ गैरसोयीचा राहत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतल्यावर जेवण लांबले, तर रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. घाम, हातांना कंप, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे होत.

औपचारिक भोजनात पतिपत्नींना पुष्कळदा निरनिराळ्या मेजांवर बसवितात. लक्षणे ओळखणारा जोडीदारच नेमका दूर असतो. म्हणून शेजारच्या पाहुण्यास आधीच कल्पना द्यावी.

लक्षणे दिसताच सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे भरून, पाण्यातून द्यावी; १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बर्फी त्या वेळी उपयोगाची नाही. तिच्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. शुद्ध हरपल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

पाने वाढण्याची नेमकी वेळ यजमानांस आदल्या दिवशीच विचारा आणि औषधाची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. असे विचारण्याने कोणाचाही मान उणावत नाही.