जुन्या फियाटला 'स्पेशल' माल कशाला?

जुनी मोटार सांभाळणाऱ्या हौशी मंडळींमध्ये सध्या एक खूळ बोकाळले आहे. चांगल्या चालणाऱ्या पद्मिनीचे हेड उतरवायचे, आत 'स्पेशल' कॅमशाफ्ट, 'हेवी' स्प्रिंगा आणि चकचकीत रॉकर बसवायचे आणि चार दिवस मित्रांना इंजिनाचा आवाज ऐकवायचा. वर्षभरात सायलेन्सरमधून निळा धूर निघू लागला की मग 'मिस्त्रीने फसवले' म्हणून गावभर सांगत सुटायचे.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्या जुन्या गाडीच्या व्हॉल्व्हच्या यंत्रणेत असा बाहेरचा माल शिरला आहे, त्यांनी तो काढावा आणि कंपनीच्या मूळ मापाचा माल परत बसवावा. शिवाय काय काढले आणि काय बसवले, हे बिलावर लिहून घ्यावे. पहिल्या गोष्टीने इंजिन वाचेल. दुसरीने मिस्त्रीचे नाव वाचेल आणि मला त्याची काळजी जास्त आहे.

अंबडसारख्या तालुक्याच्या गावात बसून फियाटबद्दल कशाला लिहायचे, असे कुणी विचारेल. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला, त्या काळात आमच्याकडे मोटार म्हणजे फियाट, अॅम्बेसेडर नाहीतर जीप, एवढेच होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना आणि तिथून निघालेली फियाट ११०० हा महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासाचा भाग आहे. हीच गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी रस्त्यावरून गेली.

आता उरल्या आहेत त्या खासगी गाड्या. भंगारात गेलेल्या मोटारींचे काय होते, हे जालना जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. भंगार वितळवून सळई ओतणाऱ्या भट्ट्या आमच्याच जिल्ह्यात आहेत. एकदा भट्टीत गेली की ती फियाट होती की ट्रक होता, हे सळई सांगत नाही. म्हणून ज्या उरल्या आहेत, त्यांचे इंजिन नीट ठेवणे हे निव्वळ श्रीमंतांचे खेळणे आहे असे मी मानत नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये ठरली आहे. म्हणजे १९७४च्या पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे या पंगतीला बसू लागल्या आहेत. एक कॅम बदलला म्हणून नोंदणी अडेलच असे नाही, पण नियमाचा रोख मूळ स्वरूपावर आहे. आणि नेमक्या याच वेळी आपण गाडीच्या पोटातले मूळ काढून भंगारवाल्याला देतो आहोत!

हा माल बसवल्याने आत काय होते, ते जरा समजून घेऊ. पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनात चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह आहेत. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. बंद करायचे काम स्प्रिंगचे. कॅम हा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा आणि तासाभरात ९० हजार वेळा उघडतो, मिटतो. या साखळीतल्या प्रत्येक तुकड्याचे माप दुसऱ्या तुकड्याकडे बघून ठरवलेले आहे.

आता 'हेवी' स्प्रिंग घ्या. स्प्रिंग जड केली म्हणजे गाडी ताकदवान होते, असा समज आहे. जड स्प्रिंग लागते ती फार मोठ्या आरपीएमवर, जिथे साधी स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत परत आणू शकत नाही. चाळीसेक हॉर्सपॉवरची पद्मिनी त्या वेगाला जातेच कधी? तो जादा दाब मग कॅमच्या उंचवट्यावर आणि टॅपेटच्या तळावर पडतो. मधला तेलाचा पातळ थर टिकत नाही, लोखंडावर लोखंड घासते, उंचवटा झिजतो, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. ज्या पिकअपसाठी पैसे मोजले, तोच पिकअप जातो.

'रेसिंग' कॅमचेही तेच. तो व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा ठेवतो. त्याने वरच्या वेगात इंजिन थोडे जास्त ओढते, खालच्या वेगात मात्र दम सोडते. उसाच्या ट्रॉलीमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चालणाऱ्या आपल्यासारख्यांना नेमकी खालचीच ताकद हवी असते. उचल वाढवली आणि स्प्रिंग त्या हिशेबाने बदलली नाही, तर तिची वेटोळी एकमेकांना टेकतात आणि पुशरॉड वाकतो. रॉकरचे माप चुकले, तर त्याचे टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर मध्यभागी न बसता कडेला दाबते. दांडा तिरपा घासतो, गाईड सैल होते, तेल सिलिंडरमध्ये उतरते. तुम्ही ज्याच्यासाठी मिस्त्रीला शिव्या घालता, तो निळा धूर हाच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या घरच्या पद्मिनीवर एका मोठ्या शहरातल्या गॅरेजने अशीच 'सुधारणा' केली. बिलावर एकच ओळ होती : 'इंजिन काम'. वर्षभरात इंजिन खडखडू लागले. शेवटी अंबडच्या एका वयस्क मिस्त्रीचाचांनी ते उघडले. आधी त्यांनी एका गत्त्याला आठ भोके पाडली, नंबर टाकले आणि निघेल तो टॅपेट, निघेल तो पुशरॉड आपापल्या भोकात उभा केला. म्हणाले, "बेटा, जिसकी जोडी उसके साथ." त्या गत्त्यामुळे कोणत्या उंचवट्याने कोणता टॅपेट खाल्ला, हे चटकन दिसले. दोन टॅपेटचे तळ खरवडले गेले होते. चाचांनी मूळ मापाचा कॅम, आठही नवे टॅपेट आणि मूळ दाबाच्या स्प्रिंगा बसवल्या. खराब कॅमवर नवा टॅपेट किंवा नव्या कॅमवर खरवडलेला टॅपेट चालत नाही, एक दुसऱ्याला खातो. जुने रॉकर घरात पोत्यात पडून होते, तेच परत चढले. नंतर वीस मिनिटे इंजिन आयडलिंगला न सोडता दोनेक हजार आरपीएमवर ठेवले, म्हणजे नव्या कॅमला तेल मिळते आणि तो टॅपेटशी जमून बसतो. गाडी आज गुमान चालते.

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला : कंपनीच बंद पडली, ओरिजनल माल आणायचा कुठून? मूळ माल म्हणजे फक्त कंपनीचा खोका नव्हे. मूळ माप, मूळ धातू, मूळ दाब असलेला सुटा भाग कुणीही बनवलेला असो, तो चालेल. खोललेल्या इंजिनातला न झिजलेला कॅम त्याच्याच टॅपेटसकट मिळाला तरी चालेल. फक्त तो मायक्रोमीटरने मोजून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका.

दुसरा आक्षेप : मग जुन्यात काहीच बदलायचे नाही का? जिथे कारण आहे तिथे जरूर बदला. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. आधी पेट्रोलमधल्या शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला झिजेपासून वाचवायचा. तो आधार गेल्यावर ज्या जुन्या इंजिनांच्या सीट मऊ होत्या, त्यांत कडक सीट बसवणे शहाणपणाचेच होते. इंधन बदलले म्हणून सीट बदलली, हा हिशेब समजतो. शेजाऱ्याची गाडी जोरात वाजते म्हणून कॅम बदलला, यात हिशेब कुठला?

तिसरा आक्षेप पैशाचा. मूळ मापाचा माल महाग पडतो, हे खरे. पण दोनदा हेड उतरवण्याची मजुरी, लेथचा खर्च आणि वाया गेलेला कॅम यांची बेरीज करून बघा.

आता या सगळ्यात ज्याचे नाव जाते, त्या माणसाकडे येतो. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात गॅरेजची ओळ बघा. पाना हातात घेतलेले किती हात मुसलमानाचे आहेत, हे मोजायची गरज नाही. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त असल्याचे दाखवून दिले आणि वाहनदुरुस्तीसारख्या धंद्यातली त्यांची उपस्थितीही नोंदवली. नोकरी मिळत नाही म्हणून पोराला गॅरेजवर बसवणारी घरे माझ्या ओळखीची आहेत. अशा धंद्यात भांडवल एकच असते, विश्वास. खोक्यावर 'ओरिजनल' छापून नकली माल विकणारा दुकानदार नामानिराळा राहतो. 'स्पेशल'चा हट्ट धरणारा मालकही नामानिराळा राहतो. आणि 'ही मंडळी डुप्लिकेट माल टाकतात' हे वाक्य मात्र एका अख्ख्या समाजाला चिकटते.

या वाक्याचा मला संताप येतो. पण नुसत्या संतापाने ते पुसले जाणार नाही, म्हणून आपल्या मिस्त्री भावांनाही दोन शब्द कडक सुनावतो. तोंडी व्यवहार, 'चलता है', बिलावर 'इंजिन काम', ही सवय आपणच जपली आहे. शागिर्दाच्या हाती आपण पाना दिला, मायक्रोमीटर दिला नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड असतो, तिथे पोराला पाठवायला उस्तादच टाळाटाळ करतो. गिऱ्हाईक चुकीचा माल मागत असेल तर 'नाही बसवणार' म्हणण्याची हिंमत हवी. आणि बसवलाच, तर 'मालकाच्या आग्रहावरून' असे बिलावर लिहिण्याची अक्कल हवी.

मालकांनीही साळसूदपणा सोडावा. 'बिल नको, पण स्वस्तात करा' असे म्हणणारे तुम्हीच. बिल न देणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुसऱ्याच्या नावाचा खोटा मार्का मारून माल विकणे हा १९९९च्या ट्रेड मार्क कायद्याखाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार करायची तर तिथे करा. पण त्यासाठी हातात कागद लागतो, आणि तो कागद तुम्हीच दोनशे रुपये वाचवायला नाकारला होता.

तेव्हा गाडीचे हेड उतरणार असेल, तर एवढे करा. काढलेला प्रत्येक भाग नंबर टाकून परत मागा. नव्या मालाचा खोका आणि पार्ट नंबर मिस्त्रीसमोर बघा, मोबाइलवर फोटो काढा. कॅम, टॅपेट, स्प्रिंग, रॉकर, व्हॉल्व्ह हे सगळे बिलावर वेगवेगळ्या ओळीत, कुठून आणले त्यासकट लिहून घ्या. टॅपेटचा गॅप किती ठेवला, तेही लिहून घ्या. मिस्त्री हे करायला तयार असेल, तर त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. आणि मिस्त्री भावांनो, गिऱ्हाईक मागो न मागो, हे बिल तुम्ही स्वतःहून द्या. सुरुवात अंबडच्या एखाद्या गॅरेजने केली तर मला आनंदच होईल. पहिले छापील बिलबुक माझ्या खर्चाने.