मावलाईला नगरपालिका नाही

बदलीच्या गावी पोहोचलो की मी दोन गोष्टी शोधतो: बरा चहा आणि ओपनस्ट्रीटमॅपवर तिथल्या हद्दी. शिलाँगला चहा लगेच मिळाला.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला नकाशा. त्यात प्रत्येक प्रशासकीय हद्दीला क्रमांक असतो: देश 2, राज्य 4, भारतात जिल्हा 5, त्याखाली 6. या 6 मध्ये आपला तालुका, उत्तरेतली तहसील, तेलंगणातलं मंडल सगळे बसतात. नाव तिथलंच ठेवावं, क्रमांक कामावरून द्यावा. इथवर भांडण नाही.

शिलाँगमध्ये मात्र ही उतरंड डळमळते. पोलीस बाजारातून मावलाईत आपण कधी शिरलो ते घरं पाहून कळत नाही. पण नगरपालिकेची हद्द त्याआधीच संपलेली असते. कँटोन्मेंटचा कारभार वेगळ्या बोर्डाकडे. मावलाई, नाँगथिम्माई ही जनगणनेच्या लेखी शहरं, तरी त्यांना नगरपालिका नाही. तिथे वस्तीचं बघतो दरबार श्नाँग, म्हणजे परंपरेने चालत आलेली वस्तीची सभा. तिचा प्रमुख रांगबाह श्नाँग. वर सहाव्या अनुसूचीतली खासी हिल्स स्वायत्त जिल्हा परिषद. नाव ऐकून आपल्याला झेडपी आठवते, पण ही जमीन, जंगल, रूढी यांवर कायदे करते. मेघालयात जिल्हे 12 आणि अशा परिषदा 3! तिला 4 आणि 5 च्या मध्ये कोंबू नये. जिल्हाधिकारी काही तिच्या हाताखाली नसतो. तिची हद्द वेगळी, स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवावी.

‘दिसतं शहर, तर लिहा शहर’ हे मला मुळीच पटत नाही. दाट वस्ती उपग्रहाच्या चित्रातही दिसते. अधिकार कुणाचा ते दिसत नाही, ते राजपत्रात असतं. दरड कोसळली की मुलकी प्रशासनाच्या मागणीवरून आमची तुकडी निघते. कुठल्या घरात किती माणसं, हे मावलाईत दरबारला विचारावं लागतं. नकाशात तिथे ‘नगरपालिका वॉर्ड’ लिहिलेलं असेल, तर बिचारा लेफ्टनंट भलत्याच कचेरीच्या दारात उभा राहील, तेही रात्री, पावसात.

दरबारची हद्द कागदावर सापडत नसेल तर नुसता बिंदू टाकून नाव लिहा. अंदाजाने रेघ ओढू नका. आमच्याकडे नकाशावर अशी रेघ ओढणाऱ्याला ती पायी चालून यावी लागते.