विमानातला चहा आणि आपल्या मुली

बारावीचा निकाल लागला की दीपनगरच्या वसाहतीत मुले-मुली अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे येतात. यंदा एका मुलीने थेट खाजगी जेट विमानातल्या नोकरीचे विचारले. ती बाहेर गेल्यावर तिचे वडील मागे थांबले. म्हणाले, "भाऊ, बाबासाहेबांनी शिका म्हटले ते श्रीमंतांचे पेले भरायला का? अन् त्यात दारूही असते."

दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण आधी काम काय ते पाहू. ('हवाई सुंदरी' हा शब्द आम्हाला रुचत नाही. सुंदर दिसणे हे काम नव्हे.)

मोठ्या विमानात ढकलगाडी असते, हाताशी चार-सहा जण असतात. लहान जेटमध्ये आठ-दहा पाहुणे आणि बहुधा एकच सेविका. चहा, कॉफी, सूप, सरबत सारे तिच्याच हातून. आणि तिथला चहा घरच्यासारखा होत नाही. दीपनगरच्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. आपल्या बॉयलरमध्ये दाब प्रचंड, म्हणून पाणी ३०० अंशांच्याही पुढे जाऊन उकळते. विमानात उलटा प्रकार. केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका असतो, म्हणून पाणी ९२ ते ९४ अंशांवरच उकळू लागते. पत्ती नीट उतरत नाही, जास्त वेळ मुरू द्यावी लागते. हवा कोरडी, इंजिनाची घरघर सतत; त्यामुळे गोड-खारट चव जिभेला मंद लागते. जमिनीवर टोमॅटोच्या रसाकडे न बघणारा माणूस वर गेल्यावर तोच मागतो. कोलाचा फेस तिथे जास्त उसळतो, म्हणून पेला तिरपा धरून सावकाश ओतायचे.

गरम पेय पाहुण्याच्या मांडीवर धरून ओतायचे नाही; कप ट्रेवर घेऊन वाटेच्या बाजूला ओतायचा, तोही काठोकाठ नाही. विमान हेलकावे खाऊ लागले की किटली बंद करून ठेवायची आणि स्वतः पट्टा बांधून बसायचे, पाहुणा कितीही बडा असो. कारण तिचे पहिले काम आग, धूर, आणीबाणीत दार उघडणे आणि प्रथमोपचार हे आहे. चहा त्यानंतर.

आता वडिलांचा पहिला प्रश्न. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना शिपाई वरून पाणी ओती. शिपाई नसला की तहानेलेच राहावे लागे. २० मार्च १९२७ ला महाडला तळ्याचे पाणी प्यायले गेले ते ह्याच देशात. आपल्या हातचे पाणी ज्यांना चालत नव्हते, त्यांच्या नातवंडांना आपली मुलगी ठरलेल्या पगारावर, नियमांच्या आधाराने पेला देते, ह्यात आम्हाला कमीपणा दिसत नाही. मात्र नोकरी सुखाची नव्हे. मालकाचे उड्डाण ठरले की मध्यरात्रीही निघावे लागते.

दुसरा प्रश्न अवघड आहे. पाचवे शील मद्य न पिण्याचे आहे, आणि उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत मद्याचा व्यापारही आहे. पगारी वाढप म्हणजे व्यापार नव्हे, असे आमचे मत. वसाहतीत ह्याच्या विरुद्ध मतही आहे आणि त्याचा आम्ही आदर करतो. ज्या मुलीच्या मनाला ते पटत नाही तिने देशांतर्गत प्रवासी विमानांत काम करावे, तिथे दारू दिलीच जात नाही. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसते. उड्डाणापूर्वी बारा तास सेविकेने मद्य घेता कामा नये असा नियम आहे आणि श्वासाची तपासणी होते. म्हणजे न पिणारी मुलगी ह्या धंद्यात अडाणी ठरत नाही. कोणती वाइन थंड द्यायची, बाटलीचे लेबल पाहुण्याकडे कसे ठेवायचे, हे ती न चाखता शिकू शकते. आणि जास्त झालेल्या माणसाला सौम्यपणे "आता पाणी देते" म्हणणे, हे त्यातले सर्वांत कठीण कौशल्य.

राहिली फी. 'नोकरीची हमी' देणाऱ्या संस्थांच्या जाहिराती पाहून कोणीही पतपेढीचे कर्ज काढू नये. विमान कंपन्या बारावी झालेल्यांना निवडून स्वतःच प्रशिक्षण देतात. खाजगी जेटवाले बहुधा तिथे काही वर्षे काढलेली माणसे घेतात. तेव्हा आधी इंग्रजी बोलण्याचा सराव, प्रथमोपचाराचा वर्ग, आणि घरात भरला ट्रे घेऊन न सांडता चालणे. मुलाखतीच्या भाड्याचे पैसे तेवढे बाजूला ठेवा. भुसावळहून मुंबई एका रात्रीची आहे.