आधी भाडेकरू, मग मालक

खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, माण, खटाव. या दुष्काळी पट्ट्यात फिरताना एक गोष्ट हमखास दिसते. बाभळी आणि ज्वारीच्या रानांमधून रस्ता गावात शिरतो आणि समोर दुमजली, ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचं, स्टीलच्या कठड्यांचं घर उभं असतं. दाराला कुलूप. शेजारी विचारलं तर उत्तर मिळतं, "मंडळी लांब असत्यात. गलाईला." सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचा हा धंदा. त्यासाठी या तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत. त्यातली बरीच चेन्नईत, जॉर्ज टाउनच्या सावकारपेठेत आहेत. यात्रेला, लग्नाला गावी येतात, कुलूप काढतात, आठवड्याने पुन्हा लावतात.

माझी थोरली बहीण अशाच एका गावात दिली आहे. तिचा मुलगा सावकारपेठेत गलाईच्या दुकानात आहे आणि मिंट स्ट्रीटच्या आतल्या एका गल्लीत भाड्याने राहतो. मध्यंतरी त्याने फोनवर सरळच विचारलं, "मामा, हितं जन्मभर भाडं भरायचं आन्‌ गावाकडं कुलूप लावायला बंगला बांधायचा, ह्यात काय शानपणा हाय? हितंच एखादा मजला घिऊन भाड्यानं लावला तर?"

प्रश्न अगदी योग्य आहे. आमच्या भागात तो फार कमी जणांनी विचारला. परगावच्या कमाईचं घर गावातच व्हायचं, कारण ते चार माणसांना दिसायला हवं. त्यात कष्टाचा मान आहे, तो मी कमी लेखत नाही. पण त्या घराला भाडेकरू मिळत नाही आणि पुढची पिढी तिथे राहायला येईल याची खात्री घरातल्यांनाही नसते.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका परिचितांनीही चेन्नईतल्या घराबद्दल विचारलं. ते तिथे कधी राहिलेले नाहीत. एका कंपनीने त्यांना सांगितलं आहे की फ्लॅट तयार, भाडेकरू आत बसलेला, देखभाल आमच्याकडे, तुम्ही फक्त सही करा. अमेरिकेत या प्रकाराला टर्नकी म्हणतात आणि तिथे तो चांगला रुळला आहे. कॅलिफोर्नियासारख्या महाग राज्यात पगार घेणारा माणूस मेम्फिस किंवा क्लीव्हलँडसारख्या स्वस्त शहरात घर घेतो. विकणारी कंपनीच दुरुस्ती करते, भाडेकरू आणते आणि साधारण आठ-दहा टक्के भाडं कापून कारभार बघते. तिकडेही जाणकार सांगतात की विकणारा आणि सांभाळणारा एकच असेल तर दोनदा विचार करा. आपल्याकडे 'हमखास भाड्या'च्या ज्या योजना येतात, त्यांत तर पहिल्या दोन-तीन वर्षांचं भाडं बहुतेक वेळा किमतीतच मिळवलेलं असतं. आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने परत मिळतात. मुदत संपली की खरं भाडं कळतं.

या दोघांत घर घ्यायला लायक कोण, असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत भाच्याचं नाव घेईन. पुण्याच्या परिचितांकडे पैसा जास्त आहे, पण भाचा त्या गल्लीत भाडेकरू म्हणून राहिला आहे. दूरच्या घराचं भांडवल म्हणून मला हा अनुभव सगळ्यात मोठा वाटतो.

भाडेकरूला काय कळतं ते बघा. मेट्रोवॉटरचं पाणी नळाला किती वाजता येतं, संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, किती खोल आहे, मोटार कुणाच्या मीटरवर चालते. 2019 च्या जूनमध्ये शहराला पाणी पुरवणारे तलाव आटले आणि टँकरमागे रांगा लागल्या, तेव्हा कुठल्या इमारतीत पाणी पोचलं आणि कुठल्या नाही, हे त्या गल्लीत राहिलेल्यालाच ठाऊक. तामिळनाडूत घरगुती विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं आणि पहिले शंभर युनिट फुकट असतात. एका घराचे चार 'पोर्शन' करून भाड्याने दिले आणि मीटर एकच ठेवला, तर ती सवलत चौघांना मिळत नाही. मालक सरसकट युनिटमागे दर लावून पैसे घेतो आणि त्यावरून रोज कुरबुर होते. स्वतंत्र मीटरच्या पोर्शनला भाडेकरू लवकर मिळतो आणि टिकतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

जॉर्ज टाउन मुळातच बाहेरून आलेल्यांनी भरलेलं आहे. पूर्वीचं ब्लॅक टाउन. 1911 मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने त्याचं नाव बदललं. आर्मेनियन स्ट्रीटवर आर्मेनियन व्यापाऱ्यांचं 1772 चं चर्च आहे, तेलुगू चेट्टींच्या नावाचे रस्ते आहेत, सावकारपेठेत मारवाडी आणि गुजराती पेढ्या आहेत. कोथवाल चावडीचा भाजीबाजार 1996 मध्ये कोयंबेडूला हलला, तरी घाऊक बाजारांची गर्दी हटली नाही. 2019 पासून मन्नडी आणि हायकोर्ट या स्थानकांवर मेट्रो थांबते. दुकान, गोदाम, कारागीर आणि हिशेबनीस हे सगळे कामाजवळ खोली शोधतात, त्यामुळे भाड्याच्या जागेला इथे गिऱ्हाईक कायम असतं. भाच्याचा विचार पटण्याचं हे दुसरं कारण.

अडचण कागदांची आहे, आणि जॉर्ज टाउनमध्ये ती बाकीच्या चेन्नईपेक्षा जास्त आहे.

पहिला प्रश्न जमिनीचा. इथल्या बऱ्याच जागा देवस्थानांच्या किंवा धर्मादाय ट्रस्टच्या आहेत. वरची इमारत एकाची, खालची जमीन देवळाची आणि महिन्याला भुईभाडं, असा प्रकार इथे सर्रास आढळतो. इमारत विकणारा खोटं बोलत नसतो, पण तो जमीन विकू शकत नाही. अशा भाडेपट्ट्यावरच्या इमारतवाल्यांना संरक्षण देणारा कायदा मद्रासमध्ये 1921 सालचा आहे. देवस्थानाची जमीन मात्र धर्मादाय खात्याच्या आयुक्ताच्या मंजुरीशिवाय विकलीच जात नाही आणि तशी विक्री झाली तरी ती रद्दबातल ठरते. त्यामुळे घर बघण्याआधी जमीन कुणाची हे विचारायचं. आपल्याकडे सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड पाहतात, तसा तिथे पट्टा आणि टाउन सर्व्हेचा उतारा पाहतात.

दुसरा प्रश्न बोजाचा. तिथे सगळे ई.सी. म्हणतात, म्हणजे बोजाचा दाखला. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या बघता येतो, ही सोय खरोखर चांगली आहे. पण त्यात फक्त नोंदलेले व्यवहार दिसतात. मद्रास हे देशातलं असं जुनं शहर की जिथे मूळ दस्त सावकाराकडे ठेवून कर्ज काढायची पद्धत कायद्यानेच मान्य होती. तसं कर्ज ई.सी.त दिसेलच असं नाही, म्हणून मूळ दस्त डोळ्यांनी बघितल्याशिवाय इसार द्यायचा नाही. झेरॉक्सवर तर मुळीच नाही.

तिसरा प्रश्न भाच्यालाही ठाऊक नव्हता आणि बाहेरच्या माणसाला त्यात हमखास फटका बसतो. चेन्नईत 'लीज' म्हटलं की आपल्याला वाटतं तसा भाडेपट्टा नसतो. भाडेकरू मालकाला एकरकमी काही लाख देतो, दरमहा भाडं देत नाही आणि घर सोडताना ती रक्कम परत घेतो. हा करार बऱ्याचदा साध्या स्टॅम्पपेपरवर होतो, त्यामुळे ई.सी.त दिसत नाही. असा भाडेकरू आत असलेलं घर आपण विकत घेतलं, तर त्याचे लाखो रुपये मागायला तो आपल्या दारात उभा राहतो. 'भाडेकरूसहित तयार घर' या जाहिरातीचा हा अर्थही असू शकतो. म्हणून आतल्या प्रत्येक माणसाशी स्वतः बोलायचं. किती वर्षं राहता, मालकाकडे किती रक्कम ठेवलीय, भाडं कुणाच्या हातात देता, हे विचारायचं आणि त्यांच्याकडून लिहून घ्यायचं.

वकील तिथलाच हवा. हायकोर्टासमोर तंबू चेट्टी स्ट्रीट, लिंगी चेट्टी स्ट्रीट या भागात वकिलांच्या कचेऱ्या दाटीने आहेत. तंबू चेट्टी स्ट्रीटवरच कालिकांबाळचं देऊळ आहे. 1677 च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते, असं देवळात सांगतात आणि चेन्नईला गेलेला मराठी माणूस तिथे जातोच. दर्शन झाल्यावर त्याच रस्त्यावर वकील गाठावा. जुने दस्त तमिळ किंवा तेलुगूत असतील, तर ते मूळ भाषेत वाचणारा वकील लागतो. विकणाऱ्याने सुचवलेला वकील घेऊ नये.

फ्लॅट असेल तर अजून एक. मुंबई-पुण्यात आपल्याला सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पाहायची सवय आहे. चेन्नईत लोक पहिल्यांदा जमिनीतला अविभाज्य हिस्सा किती चौरस फूट, हे विचारतात. जॉर्ज टाउनमधल्या प्लॉटवर, म्हणजे एखाद्या 'ग्राउंड'वर, अर्थात 2,400 चौरस फुटांवर, चार-पाच मजले उभे असतात आणि वरचा मजला कधीकधी परवानगीपलीकडचा असतो. तो स्वस्त मिळतो, पण बँक त्याच्यावर कर्ज देत नाही आणि पुढचा गिऱ्हाईकही शहाणा असतो.

आता हिशेब. समजा 60 लाखांचा मजला आहे. तामिळनाडूत मुद्रांक शुल्क सात टक्के आणि नोंदणी फी दोन टक्के, म्हणजे 5 लाख 40 हजार. महाराष्ट्रात नोंदणी फीला 30 हजारांची कमाल मर्यादा आहे, त्या सवयीने अंदाज बांधणारा इथे चुकतो. मजल्याचं भाडं 16 हजार धरू. वर्षातला एक महिना रिकामा गेला तर 1 लाख 76 हजार हातात येतात. देखभालीचे दरमहा अडीच हजार, म्हणजे 30 हजार वजा करा. महापालिकेचा घरपट्टी कर सहामाही, मेट्रोवॉटरचा कर वेगळा, शिवाय रंग आणि नळदुरुस्ती, असे 20 हजार धरा. उरले 1 लाख 26 हजार. गुंतवलेल्या 65 लाख 40 हजारांवर हे दोन टक्केही होत नाहीत. कर्ज काढलं तर व्याज त्याच्या चौपट. आपल्या शहरांत राहत्या घराचं भाडं किमतीच्या दोन-चार टक्क्यांच्या पुढे क्वचितच जातं आणि चेन्नईही त्याला अपवाद नाही. म्हणून भाच्याला मी सांगितलं की कर्ज काढून फक्त भाड्यासाठी घेऊ नकोस. स्वतःच्या पैशातून घे आणि तुझं आजचं भाडं वाचत असेल तरच घे. एक पोर्शन तुझा, दुसरा भाड्याचा. म्हणजे वाचलेलं भाडंही मिळकतीत धरता येतं आणि मालक त्याच जिन्यावर राहतो. शिवाय खरेदी 50 लाखांच्या पुढे गेली की विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का कापून आयकर खात्यात भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, हे त्याला आठवणीने लिहून पाठवलं.

कारखान्याला जागा दिली तर भाडं जास्त मिळतं, असं भाच्याचं म्हणणं होतं. ते खरं आहे. पण गलाईची भट्टी आणि तेजाबाची वाफ राहत्या इमारतीत असेल, तर शेजाऱ्यांची तक्रार आणि आगीची जोखीम दोन्ही मालकावर येतात. त्याचा स्वतःचा धंदा तोच असल्याने त्याला हे पटवायला वेळ लागला नाही.

भाडेकरार तोंडी ठेवायचा नाही. तामिळनाडूत 1960 चा भाडेनियंत्रण कायदा गेला आणि 2017 चा नवा कायदा 2019 पासून लागू झाला. त्यानुसार करार लेखी हवा, भाडे प्राधिकरणाकडे नोंदलेला हवा आणि राहत्या घराचा अ‍ॅडव्हान्स तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. चेन्नईत दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स घ्यायची चाल होती. अजूनही कुणी मागितला तर भाडेकरू देतो. पण नोंदलेला करार नसेल, तर भांडणाच्या दिवशी मालकाकडे दाखवायला काही नसतं.

पुण्याच्या परिचितांना मी नको म्हटलं नाही. त्यांना सुचवलं की सही करण्याआधी त्या परिसरात महिनाभर खोली घेऊन राहा. शक्य नसेल तर तिथला एक माणूस शोधा, जो कंपनीचा नाही आणि ज्याला तुम्ही भाड्यातला ठरलेला वाटा द्याल. कुलमुखत्यारपत्र द्यायचंच असेल तर भाडं वसूल करण्यापुरतं द्या, विकण्याचा अधिकार त्यात नको. आणि कुणी नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकायला निघाला तर उठून या. मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे. महिनाभर राहणं त्यांना अव्यवहार्य वाटलं. मग 60 लाखांचा हा व्यवहारही तसाच आहे, असं मी त्यांना म्हटलं, आणि ते मी मनापासून म्हटलं.

भाच्याचं बोलणं एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आलं आहे. जमीन मालकाचीच निघाली. वकिलाने तीस वर्षांचे दस्त मागवले आहेत, त्यातला एक वाटणीचा दस्त अजून मिळालेला नाही. वरच्या मजल्याच्या मागच्या पोर्शनमध्ये एक कुटुंब लीजवर आहे आणि त्यांचे सात लाख मालकाकडे आहेत. मालक म्हणतो, नोंदणीनंतर ते तुमचे आणि त्यांचे. भाच्याने उलट सांगितलं आहे की हे सात लाख किमतीतून वळते करा आणि त्या कुटुंबाची सही दस्तात साक्षीदार म्हणून घ्या, म्हणजे ते तिथेच राहतील आणि पैसे आम्ही देऊ. मालकाने विचार करायला पोंगलपर्यंत मुदत मागितली आहे.