संकटकाळी मागे कोण राहते?

मे 2025 या एकाच महिन्यात भवानीनगर परिसराने दोन निराळ्या संकटांची चाहूल अनुभवली. 7 मे रोजी युद्धजन्य परिस्थितीत देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली आणि महाराष्ट्रातही ठिकठिकाणी भोंगे वाजले. त्याच महिन्याच्या अखेरीस अवेळी कोसळलेल्या पावसाने बारामती व इंदापूर तालुक्यांत हाहाकार उडवला. पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, शेतांत व घरांत पाणी शिरले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पाचारण कराव्या लागल्या.

एक संकट मनुष्यनिर्मित, दुसरे नैसर्गिक. तथापि दोन्ही वेळी प्रश्न एकच होता. भोंगा वाजला, परंतु ज्याला ऐकूच येत नाही त्याने काय करावे? उंच जागी जाण्याची सूचना मिळाली, परंतु चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाला चिखलातून कोण नेणार? अंध व्यक्तीला स्वतःच्या घरातील अंधाराचे भय नसते. उलट डोळस माणसे चाचपडत असताना तीच वाट दाखवू शकते. मात्र निवारा शिबिरातील अपरिचित गर्दीत तिला एकटे सोडले, तर पाण्याचा माठही सापडत नाही. अपंगत्वापेक्षा व्यवस्थेतील ही उणीवच अधिक घातक ठरते.

जगाने हे उशिरा ओळखले. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने युद्धकाळात जखमी, आजारी व दुर्बल नागरिकांना विशेष संरक्षण दिले. परंतु अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा स्वतंत्र करार 2006 मध्ये आला. त्याच्या 11 व्या कलमात युद्ध, मानवी आणीबाणी व नैसर्गिक आपत्ती यांचा स्पष्ट उल्लेख असून भारताने 2007 मध्ये तो मान्य केला. सशस्त्र संघर्षातील अपंगांविषयी सुरक्षा परिषदेचा पहिला स्वतंत्र ठराव तर 20 जून 2019 रोजी संमत झाला.

पुणे जिल्ह्याला मात्र या विषयाची जुनी ओळख आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवण्यासाठी 1917 मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीत स्थिरावली. दुसरे महायुद्ध चालू असताना, 1944 मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 पासून कार्यरत आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. त्यांनीच 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. योग्य वेळी आधार मिळाला, तर माणूस किती दूर जातो याचे हे उदाहरण होय.

सैनिकांसाठी असा आधार उभा राहिला. सामान्य घरातील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेसाठी तो सहजी उभा राहत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो जीव घेतले आणि जे वाचले त्यांपैकी कित्येकांना कायमचे अधू केले. आपत्तीच्या वेळी अपंगांचे रक्षण करावे लागते, तसेच आपत्ती नवे अपंगत्वही निर्माण करते, हे तेथे दिसले. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनेही 1975 पासून असंख्य गरजूंना कृत्रिम पाय विनामूल्य बसवले असून, अफगाणिस्तानसारख्या युद्धाने होरपळलेल्या देशातही शिबिरे घेतली आहेत. समाजाच्या दानाला येथे नेमकी दिशा सापडली.

तरीही ही सारी मदत संकट ओसरल्यानंतरची. संकटाच्या पहिल्या घटकेचे काय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे आठवे कलम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवण्यास व त्यांना धोक्याची सूचना देण्यास सांगते. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अशा व्यक्ती सुमारे 29 लाख 63 हजार होत्या. परंतु जिल्ह्याच्या कचेरीतील नोंद मध्यरात्री दार ठोठावू शकत नाही. शिवाय भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला, की परजिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे येतात आणि कोपी बांधून राहतात. त्यांच्यातील अधू आई-वडिलांचे किंवा मुक्या लेकराचे नाव नोंदलेले असलेच, तर ते त्यांच्या मूळ गावी. जेथे ते प्रत्यक्ष राहतात, तेथील कागदावर ते नसतातच.

येथे व्यापारी कुटुंबांचे स्थान मोलाचे ठरते. किराणा दुकानदाराला व औषधविक्रेत्याला कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोण महिनोन्‌महिने उंबरठ्याबाहेर आलेले नाही, हे ठाऊक असते. संबंधितांची संमती घेऊन गल्लीनिहाय एक छोटी वही करावी आणि प्रत्येक नावापुढे दोन शेजाऱ्यांची नावे लिहावीत. एक शेजारी गावाला गेला, तर दुसरा असतो. सूचना कशी पोहोचवायची तेही तेथेच नमूद असावे. ऐकू न येणाऱ्याला विजेरीचा झोत दाखवावा, अंधाला आपला कोपर धरू द्यावा, मतिमंद मुलाकडे ओळखीचाच माणूस पाठवावा. उचलण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारावे. तिची खुर्ची, कुबडी, श्रवणयंत्र व आठवड्याची औषधे तिच्याबरोबरच न्यावीत. खुर्ची मागे राहिली, तर सुखरूप पोहोचलेला माणूसही दुसऱ्याच क्षणी परावलंबी होतो.

पूर आला, की गोदामे व मंगल कार्यालये निवाऱ्यासाठी उघडली जातात. गोदामाचा ओटा मालमोटारीच्या उंचीचा असतो. तेथे चाकांची खुर्ची चढत नाही. पिंपे चढवण्याची लांब मजबूत फळी दोघांनी धरून उतार केला, की काम भागते. स्वच्छतागृहाची वाट तितकीच मोकळी ठेवावी. शिधावाटपाच्या रांगेत उभे राहू न शकणाऱ्याचा वाटा त्याच्या जागेवर पोहोचवावा.

तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच मार्गाने जाते आणि हजारोंच्या जेवणा-मुक्कामाची व्यवस्था या पट्ट्यातील गावे विनातक्रार करतात. तेव्हा माणसांची वा साधनांची वाण नाही. पर्युषणात दानाचे संकल्प होतात, दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होते. त्याच वह्यांत या एका वहीची भर पडावी आणि पावसाळ्याच्या तोंडी व गाळपाच्या आरंभी ती पुन्हा तपासली जावी. पुढचे पाणी येईल, तेव्हा शोधाशोध करण्यास वेळ मिळणार नाही.